सागवानावरचे लेप

जुन्या घरातील सागवानी कपाटाच्या ज्या पायाने वर्षानुवर्षे केरसुणीचे आणि पोतेऱ्याचे आघात सोसलेले असतात, त्याच्या कडेवरचा रंगाचा टवका एखाद्या दिवशी उडाला आणि त्या जागी आपण जरा वाकून पाहिले, तर सर्वांत वर लोखंडी कपाटासारखा राखी रंग, त्याखाली दाट हिरवा, त्याखाली सफेत्यावर चढविलेला फिका पिवळा, त्याखाली कोठे कोठे शेंदराचे अस्तर, आणि या सर्वांच्या तळाशी, लाकडाला अगदी बिलगलेला, नखाने टोकरला असता भुकटी होऊन पडणारा एक तांबूस, पारदर्शक पापुद्रा अशी ओळ दृष्टीस पडते. हा शेवटचा पापुद्रा लाखेचा. त्याच्यावर इतके थर का चढले आणि ज्या पिढीने ते कपाट करवून घेतले तिला पसंत असलेले लाकडाचे दर्शन पुढच्या पिढ्यांनी झाकून का टाकले, या प्रश्नाचे उत्तर नुसत्या बदलत्या अभिरुचीत सापडत नाही. लाकडावर कोणता लेप बसावा हे घरधन्याच्या आवडीने जितके ठरविले, त्याहून अधिक ते जंगलाच्या परवान्याने, अबकारीच्या कायद्याने आणि त्या त्या काळी पेठेत काय सवंग मिळत होते याने ठरविले, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच रंग खरवडून जुने लाकूड पुन्हा उजळविण्याचे काम जो हाती घेतो, त्याच्यापुढे एक दप्तर उघडत असते, आणि त्यातला कोणता कागद ठेवावा व कोणता काढावा याची जबाबदारी त्याच्यावर येते.

इंग्रजी अमलापूर्वीच्या मराठी घरात आज आपण ज्याला फर्निचर म्हणतो ते फारसे नव्हतेच. पाट, चौरंग, देव्हारा, तिवई, पलंग, ओटीवरचा झोपाळा, पितळी पट्ट्यांचा पेटारा आणि भिंतीतच बसविलेले फडताळ एवढ्यावर संसार भागत असे. लाकडाचे खरे वैभव घराच्या अंगात, म्हणजे खांब, तुळया, हस्त, कडीपाट आणि दिंडीदरवाजा यांत असे. पुण्याचा विश्रामबागवाडा, जो दुसऱ्या बाजीरावासाठी 1807 च्या सुमारास बांधला गेला, त्याच्या दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे खांब आणि वरचा कोरीव सज्जा पाहिला म्हणजे सुताराच्या पटाशीला त्या काळी केवढा मान होता हे कळते. 1879 साली या वाड्याला आग लावली गेली, तीत त्याचे पुष्कळ नुकसान झाले आणि दर्शनी भाग पुढे पुन्हा उभा करावा लागला. तरीही पेशवाईच्या अखेरच्या लाकूडकामाचा याहून चांगला नमुना पुण्यात पाहावयास मिळणे कठीण आहे.

हे लाकूड बहुतेक सागवान. मराठी राज्यात त्याची मातबरी किती होती हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातून कळते: अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार केलेला असून, राज्यातील अरण्यांतले सागवानादी लाकूड हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, आणि आंबा-फणसासारखी झाडे, जी रयतेने लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात, त्यांना धन्याच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, असा त्याचा आशय आहे. पुढे मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांच्या वंशजांनी सागवानाची जहाजे बांधली आणि त्यांतल्या काहींना इंग्लंडच्या राजाच्या आरमारात स्थान मिळाले. मुंबईत बांधलेले आणि 1817 साली पाण्यात लोटलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. गोदीची भूक आणि वाढत्या शहराची भूक एकवटली, तेव्हा 1847 साली मुंबई इलाख्याच्या सरकारला डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस जंगलांचे कॉन्झर्वेटर नेमावे लागले, आणि 1878 च्या जंगल कायद्याने तर सागवानाच्या प्रत्येक ओंडक्यावर सरकारी हातोड्याची निशाणी येऊ लागली. सुतार गावचा बलुतेदार होता तोवर लाकूड त्याच्या गावकुसाबाहेर होते. आता ते वखारीतून विकत आणावयाचे झाले, आणि जे विकत आणले त्याची काळजीही निराळी घ्यावी लागली.

त्यापूर्वी घरच्या लाकडाला तेलच पुरेसे होते. सागाच्या अंगी मुळातच एक तेलकट द्रव्य असते, ज्यामुळे वाळवी त्याच्याजवळ सहसा फिरकत नाही. त्यावर वर्षा-दोन वर्षांनी जवसाच्या तेलाचा हात फिरविला की काम झाले. जवसाचे तेल इतर तेलांसारखे नुसते ओले राहत नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत राहून जाते. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच तेल, पण उकळून लवकर वाळण्याजोगे केलेले. त्याचा एक अवगुण मात्र कारखान्यातल्या पोराला पहिल्या दिवशीच सांगावा लागतो: या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून दिला तर वाळता वाळता त्याच्या पोटात इतकी उष्णता साठते की तो आपोआप पेट घेऊ शकतो. तेल मुरलेले जुने लाकूड काळसर, मऊ आणि निस्तेज दिसते, परंतु त्याला स्पर्श केला असता जे सुख होते ते चकाकणाऱ्या कोणत्याही लेपाने मिळत नाही, हे ज्याने वाड्यातील झोपाळ्याच्या फळीवर हात फिरविला असेल त्यास सांगावयास नको.

लाखही येथे परकी नव्हती. पळस, बोर आणि कुसुंब यांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म किडा आपल्या अंगातून राळ स्रवतो आणि त्या राळेत स्वतःला कोंडून घेतो; ती फांदीसकट काढली म्हणजे काडीची लाख, धुऊन दाणे केले म्हणजे दाणालाख, आणि कापडी पिशवीत घालून विस्तवापुढे वितळवून पातळ पत्रे ओढले म्हणजे चपडी लाख. गोंदिया-भंडाऱ्याकडील पळसांवर ती होते आणि छोटा नागपुरात तर तिचे मोठे आगर आहे. परंतु जुन्या काळी लाख स्पिरिटात विरघळवीत नसत. ती उष्णतेने चढवीत. डच प्रवासी यान हुइखेन व्हान लिन्स्कोटेन, जो 1583 पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या चिटणिसीत होता, त्याने 1596 साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात हे काम डोळ्यांनी पाहून लिहिले आहे: खाटेचा खूर चरकावर गरगर फिरत असता कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो, घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडाच्या रेषांत शिरते आणि नखाएवढी जाड बसते, मग वाळलेल्या रुंद पात्याने घोटून तिला झळाळी आणतात. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीतही चिकांच्या, म्हणजे बांबूच्या पडद्यांच्या, लाखेचे प्रमाण दिलेले आढळते: तांबड्यासाठी चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळ्यासाठी तितक्याच लाखेला एक शेर हरताळ. आणि सावंतवाडीच्या चितारआळीत आजही चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी लावून केवड्याच्या पानाने घोटतात, तेव्हा चार शतकांपूर्वी परक्या माणसाने टिपून ठेवलेली कृती आपल्यासमोर जशीच्या तशी चाललेली दिसते. त्या संस्थानाच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफाबरोबर हे लाखकाम मरणाच्या दारातून परत आणले, याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच.

चरकावर फिरेल एवढाच आकार या पद्धतीने रंगविता येतो. कपाटाची फळी किंवा मेजाचा माथा चरकावर कसा फिरणार? ही अडचण युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुटली. हिंदुस्थानातून गेलेली चपडी लाख मद्यार्कात विरघळवून ती कापडाच्या बोळ्याने सपाट लाकडावर थरावर थर चढविण्याची रीत पॅरिसच्या कारागिरांनी पूर्णत्वास नेली, इंग्लंडने ती उचलली आणि तिला फ्रेंच पॉलिश हे नाव पडले. इंग्लंडात 1855 च्या कायद्याने पिण्यास अयोग्य केलेले स्पिरिट करमुक्त झाले, तेव्हा ही कला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून साध्या दुकानदाराच्या घरापर्यंत उतरली. आमच्या रानातील लाख अशा रीतीने समुद्रापलीकडे जाऊन नवे रूप घेऊन मुंबईस परत आली. आणि ती आली त्याच सुमारास मुंबईत शिसवी लाकडाच्या कोरीव खुर्च्या, कोच आणि मेजे, ज्यांना व्यापारी ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणत, त्यांची भरभराट चालली होती. द्राक्षवेली, पक्षी आणि जाळीदार पाने यांनी भरलेल्या त्या कामाची घडण युरोपियन, नक्षी देशी आणि गिऱ्हाईक पारशी शेठ, इंग्रज अंमलदार किंवा नव्याने धनवान झालेले प्रभू-भाटिये. या सर्वांस ज्या काळ्याभोर तेजाची हौस होती, ते तेलाने येण्याजोगे नव्हते, लाखेनेच येत होते.

या कामाची कृती सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती ज्याने पाहिली नाही त्याला खालच्या त्या तांबूस पापुद्र्याची किंमत कळणार नाही. प्रथम लाकूड काचकागदाने रेषेच्या दिशेने घासावयाचे. आडवा हात गेला की ओरखडे उमटतात आणि पॉलिश चढल्यावर ते अधिकच ठळक होतात. मग चॉकमाती, थोडी काव आणि तेल यांचे सारण करून ते मात्र रेषेच्या आडवे चोळून रंध्रे बुजवावयाची. चपडी लाख आदल्या रात्री स्पिरिटात भिजत घालावयाची, पण काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात, कारण लोखंडाच्या डब्यात ती काळवंडते. कोणी त्यात थोडा चंद्रसही मिसळतात. सकाळी ती फडक्यातून गाळली की मधासारखा द्रव मिळतो. जुन्या धोतराच्या, पुष्कळदा धुतलेल्या आणि म्हणून सूत न सोडणाऱ्या कापडात कापूस गुंडाळून बोळा करतात, त्यावर तेलाचा एखादाच थेंब देतात, आणि मग कारागिराचा हात फळीवर वर्तुळे आणि इंग्रजी आठाचे आकडे काढीत जो फिरू लागतो तो मध्येच थांबता कामा नये. क्षणभर थांबला तर ओल्या स्पिरिटाने खालचा थर विरघळून बोळा तिथेच चिकटतो. एक हात वाळू द्यावयाचा, हलकेच घासावयाचा, दुसरा द्यावयाचा. असे अनेक हात बसले म्हणजे लेप कागदाहून पातळ असूनही त्यात खोली दिसू लागते. पावसाळ्यात हे काम हाती घेत नाहीत, आणि त्यास कारण आहे: स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर बसते आणि लाख दुधाळ होऊन जाते. म्हणून मुंबईत आणि कोकणात आषाढ-श्रावण गेले, हवा सुकी झाली म्हणजे दिवाळी आणि लग्नसराई डोळ्यांसमोर ठेवून पॉलिशवाल्यांचा हंगाम सुरू होई.

या हंगामास जे स्पिरिट लागे ते पुढे आमच्याच उसापासून होऊ लागले. 1932 मध्ये साखरेच्या धंद्यास संरक्षण मिळाल्यावर नगर जिल्ह्यात आणि इतरत्र कारखाने निघाले, त्यांच्या मळीपासून मद्यार्क काढणे सोयीचे झाले, आणि लाख देशातली, स्पिरिट देशातले अशी स्थिती आली. त्याआधीच, 1924 साली, रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली होती. खरे म्हणजे यानंतर फ्रेंच पॉलिश महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचावयास पाहिजे होते. परंतु झाले उलटेच, आणि ते का झाले हा या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो सर्वत्र लागू झाला. उद्देश थोर होता. परंतु ज्यांस दारू मिळेना त्यांतले काही अभागी लोक स्पिरिटाकडे आणि थेट फ्रेंच पॉलिशकडे वळले, लाख खाली बसू देऊन वरचे पाणी पिऊ लागले, आणि त्यापायी आंधळे झाले, मेले. सरकारला साहजिकच हात घालावा लागला: स्पिरिटापासून केलेले लॅकर, फ्रेंच पॉलिश आणि व्हार्निश ही या कायद्याच्या व्याख्येत आली, आणि त्यांची खरेदी-विक्री, साठा व वाहतूक यांवर परवान्याची आणि इन्स्पेक्टरची नजर बसली. एखाद्या सुताराने शेजारच्या गावी कपाट पॉलिश करावयास जाताना बाटली बरोबर घ्यावी तर तिच्यासाठी कागद हवा. न घ्यावी तर काम होत नाही. तेलरंगाच्या डब्याला असा कागद लागत नव्हता. दारूबंदी पुढे साठच्या दशकात ढिली झाली खरी, परंतु तोवर एका पिढीच्या हाताला डब्याची सवय झाली होती.

डबाही आता देशी होता. मुंबईत लोअर परळ येथे 1920 पासून रंगाचा कारखाना चालू होता, जो पुढे नेरोलॅक या नावाने ओळखला गेला. 1942 साली, लढाईमुळे परदेशी रंग येईनासा झाला असताना, चार तरुणांनी मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्सची सुरुवात केली. आणि 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कुंचल्यातून उतरलेला, हातात ब्रश घेतलेला गट्टू हा खट्याळ मुलगा खेड्यातील दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचला. तेलरंगाला शिकलेला हात लागत नाही, पावसाळ्याची तशी भीती नाही, पाण्याच्या तांब्याचा डाग पडत नाही. उलट लाखेवर गरम चहाचा पेला ठेवला की पांढरे कडे उमटते. त्यातच गोदरेजने 1923 पासून लोखंडी कपाटे करण्यास आरंभ केला होता, आणि जसजशी ती कचेरीतून घरात शिरली तसतसे लाकडी कपाट जुनाट दिसू लागले. त्याला राखी किंवा हिरवा रंग देणे म्हणजे त्याला नव्या काळात बसविणे होते. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जिथल्या तिथे थांबली, तेव्हा वाड्याचा मालक डागडुजीवर पैसा घालीना आणि भाडेकरू दुसऱ्याच्या लाकडावर कशाला खर्च करील. दिवाळीच्या आधी दारावर रंगाचा एक हात ओढला की दोघांचीही लाज झाकली जाई. या लोकांस दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या काळी दोन खोल्यांत आठ माणसे राहत होती, त्या काळी लाकडाच्या रेषा पाहत बसण्यास कोणास सवड होती? रंगाने लाकूड राखले, हेही विसरता कामा नये. पुष्कळ सामान आज शिल्लक आहे ते त्या कुरूप थरांच्या आश्रयाने.

मग वाडे पडू लागले. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या मटण स्ट्रीटवरील चोरबाजारात दरवाजे, खांब, आरामखुर्च्या यांचे ढीग आले, आणि जुन्याची हौस असणारे नवे गिऱ्हाईकही आले. त्यांस रंग नको होता, लाकूड हवे होते. आणि तेही आठवड्याभरात. या घाईने जितके नुकसान केले तितके पन्नास वर्षांच्या तेलरंगाने केले नाही, असे मी पूर्ण विचाराअंती म्हणतो. सर्वांत सवंग उपाय म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या टाकीत वस्तू बुडविणे. रंग तासाभरात लोळागोळा होऊन निघतो, पण सोड्याने सागवान काळे पडते, त्याचे तंतू फुगून केसाळ होतात, आणि जुने सांधे ज्या सरसाने जोडलेले असतात तो सरस पाण्यात सुटतो. कुसू आपल्या छिद्रात खिळखिळे होते आणि शंभर वर्षे न करकरलेली खुर्ची करकरू लागते. दुसरा उपाय विजेच्या घासणयंत्राचा. तो लेपाबरोबर लाकडाचीही कातडी काढतो, म्हणजे उजेडाने आणि हातांच्या स्पर्शाने आलेला जो पक्व वर्ण लाकडाच्या वरच्या सुतभर भागातच असतो तो नाहीसा करतो, कोरीव पानांच्या कडा बोथट करतो, आणि खाली निघते ते पिवळट, कोवळे, वखारीतून कालच आणल्यासारखे लाकूड. त्यावर मग काळा रंग आणि चकचकीत लॅकर मारून ते जुने म्हणून विकले जाते.

जे कारागीर हे काम समजून करतात, ते आधी परीक्षा घेतात. खणाच्या आतल्या बाजूस किंवा फळीच्या मागे, जिथे तेलरंग पोहोचलेला नाही तिथे, स्पिरिटात भिजवलेली चिंधी क्षणभर धरली आणि ती तांबूस होऊन चिकट लागली, तर खाली लाख आहे; मग काम सुखाचे आहे, कारण लाखेने रंध्रे बंद केलेली असल्यामुळे तेलरंग लाकडात उतरलेला नसतो, तो तिच्यावर नुसता बसलेला असतो, आणि बोथट पात्याने नीट कोन साधला तर त्याचे पापुद्रेच्या पापुद्रे उचलून येतात. नुसते तेल पाजलेल्या लाकडावर तसे होत नाही; तिथे रंग रेषेरेषेत मुरलेला असतो आणि धीराशिवाय इलाज नाही. सपाट जागी फुटक्या काचेची धार तिरपी धरून ओढतात, कोरीव भागात बांबूची चिवटी आणि काथ्याचा ब्रश वापरतात. लोखंडाला तिथे मज्जाव. आणि सर्वांत मोठे पथ्य असे की जुना रंग कोरडा घासावयाचा नाही व दिव्याने जाळावयाचा नाही. सफेता आणि शेंदूर हे दोन्ही शिशाचे. त्यांची धूळ आणि धूर कारागिराच्या रक्तात जातो, आणि घरात रांगणारे मूल असेल तर त्याच्याही. आमच्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत आणणारा नियम 2016 साली झाला. यावरून त्यापूर्वीच्या डब्यांविषयी केवढी सावधगिरी बाळगली पाहिजे हे उघड आहे. ओला करून काढावा, खरवड कागदावर धरावी आणि ती चुलीत टाकू नये.

तेलरंग निघाला आणि खाली लाखेचा थर जागजागी शाबूत दिसला, तर तिथेच थांबावे असा माझा आग्रह आहे. ती लाख फार करून काळवंडलेली, तडकलेली असते, पण मेलेली नसते. तिचा विशेष हाच की ती पुन्हा स्पिरिटात विरघळते. बोळा नाममात्र ओला करून हलक्या हाताने फिरविला तर जुनी लाख स्वतःच मऊ होऊन आपल्या भेगा भरून घेते. जिथे उणे असेल तिथे पातळ चपडीचे दोन-तीन हात नव्याने द्यावे आणि वर टर्पेंटाइनमध्ये विरघळविलेल्या मेणाचा पुसट हात मारून लोकरीच्या फडक्याने घोटावे. जुने आणि नवे यांत सांधा राहत नाही, कारण दोन्ही एकच द्रव्य आहेत. तेलरंगाला, लॅकरला किंवा आजच्या प्लॅस्टिकसारख्या लेपांना हे साधत नाही. खणाच्या मागच्या अंगी हातभर जागा मात्र मुळीच न खरवडता सोडावी, राखी, हिरवा, पिवळा, शेंदरी सर्व थर तिथे जसेच्या तसे राहू द्यावे, आणि शेजारी पेन्सिलीने साल व वापरलेल्या द्रव्यांची नावे लिहून ठेवावी. पुढच्या कारागिराला बोळ्यात काय घ्यावे हे त्यावरून कळेल.